लाइव्ह रॉक उकळू नका

"लाइव्ह रॉक टाकीत ठेवण्याआधी 10 मिनिटं उकळा, सगळी कीड मरते. तरीही समुद्रफूल उगवलं तर खरवडून काढा. काटेरी अळी दिसली की मारा. उरलेलं पेपरमिंट कोळंबी खाते." घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ठेवणाऱ्यांमध्ये हा मजकूर हातोहात फिरतो. लाइव्ह रॉक म्हणजे जिवाणू आणि छोटे जीव वसलेला समुद्रातला खडक, आणि समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी. परवा नवी टाकी लावलेल्या एका मुलानं तो मला पाठवला आणि विचारलं, "काका, ॲल्युमिनियमचं पातेलं चालेल का?" ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून हे लिहितो आहे.

आधी उकळण्याबद्दल, कारण बाकीच्या सल्ल्यांनी टाकीचं नुकसान होईल, यानं माणसाचं होऊ शकतं. खडकावर पुष्कळदा झोआन्थिड आणि त्यांच्यातलेच पॅलिथोआ, म्हणजे कोरलच्या (प्रवाळाच्या) नात्यातले जीव, वाढलेले असतात. दिसायला तपकिरी, मऊ बटणांचा पुंजका. काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाई बेटांवर माऊईच्या हाना भागात एका खळग्यातल्या 'मरणाच्या शेवाळा'ची दंतकथा होती. ते शेवाळ नसून पॅलिथोआ निघाला आणि 1971 मध्ये त्यातून हे विष वेगळं केलं गेलं. पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाचं कायमचं उघडं दार करून टाकतं. शिजवल्यानं ते नष्ट होत नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर उडालेले तुषार श्वासातून आत जातात आणि थोड्या वेळानं, कधी काही तासांनी, थंडी-ताप, खोकला, धाप, अंगदुखी सुरू होते. तोंडाला धातूसारखी चव येते. फ्लू समजून माणूस पडून राहतो. याच्यावर उतारा नाही. उपचार होतात ते लक्षणांवर.

ही भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नाही. अलास्कातल्या अँकरेजमध्ये 2012 ते 2014 या काळात दुकानात आणि घरात असे कोरल हाताळणारे लोक आजारी पडले, त्याची अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं नोंद केली. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये टाकीतला खडक बाहेर काढून साफ केल्यावर अख्खं कुटुंब रुग्णालयात गेलं. तिथे तर काही उकळलंही नव्हतं. प्रत्येक पॅलिथोआ विषारी नसतो, हे खरं. पण कोणता आहे आणि कोणता नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

"समुद्रावरून दगड फुकट आणा आणि उकळा" अशीही या मजकुराची एक आवृत्ती आहे. कोकणात ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर झोआन्थिडांचे गालिचे असतात, म्हणजे धोका तोच. शिवाय प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्रवाळ असलेला दगड मालवणहून पिशवीत घालून आणणं हा गुन्हा आहे.

आणि उकळून उरतं काय? लाइव्ह रॉकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, त्यांच्यासाठीच तर आपण तो घेतो. ते मेले, आतले जीव कुजले, की टाकीत अमोनिया चढणार. त्यापेक्षा खडक खाऱ्या पाण्याच्या वेगळ्या ड्रममध्ये हीटर आणि पंप लावून 4 ते 6 आठवडे ठेवा आणि पाणी बदलत राहा. रात्री टॉर्च घेऊन बघा. खेकडे, मॅन्टिस कोळंबी तेव्हाच बाहेर पडतात. पॅलिथोआ दिसला तर हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्याखालीच, छिन्नीनं दगडाच्या टवक्यासकट काढा. ब्रशनं घासू नका, गरम पाण्याचा फवारा मारू नका. काढलेला तुकडा आणि वापरलेली हत्यारं एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा ताज्या द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवा.

आता खरवडणं. टाकीत आपोआप उगवलेलं समुद्रफूल बहुधा ऐप्टेशिया असतं. त्याच्या तळव्याचा कण जरी दगडावर राहिला, तरी त्यातून नवं फूल तयार होतं. मी स्वतः एक खरवडलं होतं, महिन्याभरात त्याच जागी सात मोजले. त्याला चुना लागतो: कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट पंप बंद ठेवून सिरिंजनं सरळ तोंडावर सोडायची. एका दिवसात दोन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो.

काटेरी अळ्या, म्हणजे ब्रिसल वर्म, बहुतेक वेळा सफाई कामगार असतात. उरलेलं अन्न आणि मेलेले जीव खातात. एकदम खूप झाल्या तर तुम्ही खाणं जास्त टाकता आहात. कोरल खाणारा फायरवर्म वेगळा. नुसत्या हातानं मात्र कुठलीच अळी धरू नका, तिचे केस कातडीत रुततात.

पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया खाते, पण प्रत्येक कोळंबी खात नाही, आणि मोठ्या फुलांना बऱ्याचदा हात लावत नाही. दुकानात तिच्या नावाखाली कॅमल कोळंबीही विकली जाते. तिच्या पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेषा असतात, आणि ती कोरल कुरतडते. ऐप्टेशियाशिवाय काहीच न खाणारी ती बर्गिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय. तिला शेवटचं फूल संपलं की उपासमार होते, म्हणून फुलं कमी होऊ लागली की तिला दुसऱ्या कुणाच्या टाकीत द्यायची सोय आधीच करून ठेवा.