आजींची जागा सोफ्यावरच

घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून सोफ्यावर एक-दोनदा लघवी झाली, की लगेच कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची येते. "तुम्ही आता इथेच बसत जा हं, तुम्हालाच बरं पडेल." हे मी कितीतरी घरांत पाहिलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. सोफा साफ करता येतो. तो कसा करायचा हे माहीत नाही म्हणून माणसाला हलवायचं, याचा मला खरंच राग येतो.

आमच्या सासूबाईंना हा त्रास सुरू झाला, तेव्हा कुणी काही बोलायच्या आधीच त्या वर्तमानपत्राची घडी खाली घालून बसायला लागल्या. पाहुणे जाईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. उठल्या की आधी मागून पदर ओढून घ्यायच्या. चहा अर्धाच प्यायच्या. ज्या बाईने उभी हयात या घराची उस्तवार केली, तिने स्वतःच्या हॉलमध्ये असं अंग चोरून का बसावं?

आता कामाचं सांगते. ओलं असतानाच जुना सुती पंचा ठेवून दाबून टिपून घ्या. घासू नका, घासलं की ते आणखी आत जातं आणि पसरतं. मग थोडं गार पाणी टाकून पुन्हा टिपा. गरम पाणी किंवा वाफ नको, डाग आणि वास दोन्ही पक्के बसतात.

लघवीत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. उरलेल्यातला युरिया जिवाणू फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो. नाकात जाणारा उग्र वास तो. युरिक ॲसिडचे स्फटिक मात्र पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते फोममध्ये राहतात, म्हणून मे महिन्यात गेलेला वास जूनच्या दमट हवेत परत येतो. वरून फिनाईल किंवा अत्तर मारून काही होत नाही, दोन वास एकत्र येतात एवढंच.

कुशनच्या खोळीची चेन उघडून एकदा आत बघा. वर तळहाताएवढा डाग असला, तरी फोमच्या खालच्या अंगाला पिवळसर कडेचं त्याहून बरंच मोठं वर्तुळ सापडतं. साफ करायचं औषध तिथपर्यंत पोचायला हवं. म्हणूनच वरच्या वर पुसून उपयोग नसतो. खोळ काढून वेगळी धुवा. फोमवर एन्झाइम क्लीनर, म्हणजे लघवीतले वास धरून ठेवणारे घटक फोडणारा द्रव, चांगला मुरेल इतका ओता, वर प्लॅस्टिक झाका आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ओलंच राहू द्या, कारण वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. कुत्र्या-मांजरांच्या सामानाच्या दुकानात हा मिळतो. नंतर कुशन उभं करून पंख्याखाली पूर्ण वाळवा. कापसाच्या गादीला ऊन द्या, पण फोमला सावलीतलं वारंच बरं, कडक उन्हात तो पिवळा पडून भुगा व्हायला लागतो. क्लीनर नसेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या. अमोनियाचा वास त्याने मरतो, जुने स्फटिक मात्र तसेच राहतात. लिंबाच्या सालींचं घरगुती बायोएन्झाइमही मुख्यतः आम्लच असतं, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नको. आणि काहीही वापरण्याआधी सोफ्याच्या मागच्या बाजूला थेंबभर लावून रंग जातो का बघा.

ब्लीच मात्र कधीही नाही. लघवीतल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो, आणि बंद हॉलमध्ये दम्याच्या माणसाला तो फार बाधतो.

पुढची काळजी म्हणून सीटवर अंडरपॅड, म्हणजे ओल शोषून घेणारं पॅड, घाला आणि वर चादर. पण चादर सोफ्याच्या सगळ्या सीटवर सारखीच हवी. एकच सीट वेगळी दिसली की येणारा-जाणारा विचारतोच, आणि बसणाऱ्या माणसाला ते कळतं.

पाणी तोडू नका. कमी प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशय जास्त चिडतं आणि वासही वाढतो. त्यापेक्षा दर दोन तासांनी, घाई नसतानाच, बाथरूमला नेऊन आणा. आणि हे अचानक सुरू झालं असेल तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, यांपैकी काहीही असू शकतं. डॉक्टरांकडे जाताना रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि तीच गोळी संध्याकाळऐवजी सकाळी घेतली तर चालेल का, हे त्यांना विचारता येतं.