कंटेम्प्टिबल आणि कंटेम्प्टुअस: ‘कोणताही वापरा’ म्हणणाऱ्यांसाठी

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: कंटेम्प्टिबल आणि कंटेम्प्टुअस या दोन्हींचा अर्थ ‘तुच्छ’, कोणताही वापरा, कंटेम्प्टिबल शब्द रूढ केला जर्मन कैसरने, म्हणजे सम्राटाने, 1914 साली, ब्रिटिश सैन्याला हिणवून, आणि ‘कंटेम्प्ट ऑफ कोर्ट’ म्हणजे न्यायालयाला तुच्छ लेखणं. यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

‘दोन्हींचा अर्थ तुच्छ.’ दोन्ही शब्द तिरस्काराचेच, पण एक तिरस्कार झेलणाऱ्याचा आणि दुसरा करणाऱ्याचा. कंटेम्प्टिबल म्हणजे तिरस्करणीय, कंटेम्प्टुअस म्हणजे तिरस्कारयुक्त. ‘अनीय’ प्रत्यय मराठीत जे काम करतो, तेच इथे ‘इबल’ करतो. ‘आदरणीय’ आणि ‘आदरपूर्वक’ यांची अदलाबदल पत्र लिहिताना कोणी करत नाही. इंग्रजीत रिस्पेक्टेबल आणि रिस्पेक्टफुल ही तीच जोडी. गोंधळाला बऱ्याच अंशी आपली गाइडं जबाबदार आहेत. दोन्हींसमोर ‘तुच्छ’ एवढंच छापलं की विद्यार्थ्याने फरक ओळखायचा कशावरून?

‘कोणताही वापरा.’ वापरून पाहा. एखाद्याने तुमच्याकडे तुच्छतेने पाहिलं, तर ती नजर कंटेम्प्टुअस. तिथे ‘कंटेम्प्टिबल लुक’ लिहिलं, तर ती नजरच तिरस्कार करण्याच्या लायकीची ठरते. लुक, स्माइल, टोन, लाफ यांच्याआधी बहुतेक वेळा कंटेम्प्टुअसच हवा. लाय, ट्रिक, कॉवर्ड यांच्याआधी कंटेम्प्टिबल. रिकाम्या जागेनंतर ‘ऑफ’ दिसला, की उत्तर जवळजवळ ठरलेलं: ‘शी वॉज कंटेम्प्टुअस ऑफ हिज एक्स्क्यूजेस’, म्हणजे त्याच्या सबबींना ती कवडीची किंमत देत नव्हती. इथे कंटेम्प्टिबल बसतच नाही. रिमार्कआधी मात्र दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो: कंटेम्प्टुअस रिमार्क समोरच्याला हिणवतो, कंटेम्प्टिबल रिमार्क बोलणाऱ्याचा हलकेपणा दाखवतो. तरीही अडलात तर त्या जागी ‘स्कॉर्नफुल’ घालून पाहा. वाक्य शाबूत राहिलं तर कंटेम्प्टुअस. ‘डेस्पिकेबल’ घातल्यावर राहिलं तर कंटेम्प्टिबल.

खरी फजिती ऑफिसच्या मेलमध्ये होते. सहकारी उर्मटपणे बोलला एवढंच सांगायचं असताना ‘हिज बिहेवियर वॉज कंटेम्प्टिबल’ लिहिलं, तर तक्रार राहते बाजूला आणि तो माणूस नीच वागला असा निवाडाच जातो. कंटेम्प्टिबल हा जड शब्द आहे. पैशांबाबत तो थोडा सौम्य होतो: ‘कंटेम्प्टिबल सम’ म्हणजे अगदीच तुटपुंजी रक्कम.

एक गोष्ट मान्य करायला हवी. हे शब्द पूर्वी एकमेकांच्या जागी येत. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये (अंक 2, प्रवेश 3) डॉन पेद्रो बेनेडिकच्या स्वभावाला ‘कंटेम्प्टिबल स्पिरिट’ म्हणतो. तिथे अर्थ आहे ‘इतरांना तुच्छ लेखणारा’. पण हे नाटक 1600 साली छापलं गेलं. आजच्या प्रश्नपत्रिकेत हा बचाव चालणार नाही.

या एका उदाहरणाने ‘शब्द कैसरने रूढ केला’ हेही निकालात निघतं. कैसरचा जन्म 1859चा. राहिली ब्रिटिश सैन्याला हिणवणाऱ्या त्याच्या हुकमाची गोष्ट. फ्रेंच नावाच्या ब्रिटिश सेनापतीचं ‘कंटेम्प्टिबल लिटल आर्मी’ तुडवून टाका, असा हुकूम कैसर दुसऱ्या विल्हेल्मने 19 ऑगस्ट 1914 रोजी आखेनहून काढल्याचं ब्रिटिशांनी प्रसिद्ध केलं. त्या दिवसांत कैसरचं मुख्यालय आखेनला नव्हतं, कोब्लेन्झला होतं. युद्धानंतर ब्रिटिश जनरल फ्रेडरिक मॉरिस यांनी जर्मन दप्तरांत शोध करवला, तेव्हा असा हुकूम सापडला नाही. कैसरनेही तो दिल्याचं नाकारलं. ब्रिटिश सैनिकांनी मात्र शिवी बिरुदासारखी मिरवली आणि स्वतःला ‘ओल्ड कंटेम्प्टिबल्स’ म्हणवून घेतलं.

आता कोर्ट. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 मनात कोणाबद्दल किती तुच्छता आहे हे मोजत नाही. दिवाणी अवमान म्हणजे आदेश जाणूनबुजून मोडणं किंवा न्यायालयाला दिलेली हमी न पाळणं. न्यायाधीशांबद्दल नितांत आदर बाळगूनही तो करता येतो! फौजदारी अवमानात न्यायालयाची बदनामी, चालू खटल्यावर विपरीत परिणाम आणि न्यायदानात अडथळा हे प्रकार येतात. कलम 12 प्रमाणे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडच्या निकालपत्रांत ‘कंटेम्प्टुअस’ येतो तो बहुधा ‘अवमान ठरणारा’ या अर्थाने, ‘हिणवणारा’ या अर्थाने नव्हे. निकालपत्राचा उतारा भाषांतराला आला, तर तिथे ‘तिरस्कारयुक्त’ नको, ‘अवमानकारक’ हवं.

इंग्लंडच्या कायद्यात ‘कंटेम्प्टुअस डॅमेजेस’ही आहेत: वादी कायद्याने जिंकतो, पण दावाच आणायला नको होता हे दाखवण्यासाठी त्याच्या हातावर सर्वांत लहान नाणं ठेवलं जातं. 1964 साली लंडनमधल्या अब्रुनुकसानीच्या एका गाजलेल्या खटल्यात ज्यूरीने वादीला अर्धा पेनी दिला. रक्कम तुटपुंजी असूनही तिला कंटेम्प्टिबल म्हणत नाहीत, कारण विशेषण रकमेच्या आकाराचं नाही. ती देणाऱ्यांचं वादीच्या दाव्याबद्दल काय मत झालं, त्याचं आहे.