ग्राउंड मारलं म्हणजे जेल पोलीस झालो, असं नाही

महिनाभरापासून आमच्या अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरतो आहे : ‘कारागृह शिपाई ही पळणाऱ्याची भरती आहे. ग्राउंडला ४५ पडले की लेखी कशीही निघते. पण शहरात क्लास लावल्याशिवाय गावच्या पोराचं काम नाही. ड्यूटी काय, गेटवर बसून राहायची.’ दारव्हा तालुक्यातली ही अभ्यासिका मी सांभाळतो. या चार वाक्यांपायी पोरांचं वर्ष वाया जाताना पाहवत नाही, म्हणून लिहितो.

आधी गुण पाहा. मैदानी ५० ची, लेखी १०० ची. मैदानीत १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानीत निम्मे गुण लागतात, पण लेखीला बोलावतात ते प्रवर्गातल्या जागांच्या दहापटच. म्हणजे त्या हॉलमध्ये तुमच्या शेजारी बसलेला प्रत्येक जण चांगला पळूनच आलेला असतो. तिथं पळण्याचा फरक दोन-चार गुणांचा उरतो, निकाल लेखी लावते.

मग हा समज आला कुठून? मोठ्या भावांकडून. पूर्वी मैदानीच १०० गुणांची होती. २०१९ च्या नियमांनी ती ५० वर आणली आणि लेखी आधी ठेवली. २०२२ पासून मैदानी पुन्हा पहिली आली, गुण मात्र ५० च राहिले. भाऊ त्याच्या वेळचं सांगतो, त्याचं चुकत नाही. आपण जाहिरात वाचत नाही, हे चुकतं.

लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. आमचे पोट्टे गणिताला घाबरतात आणि मार खातात व्याकरणात, कारण ‘मराठी तर येतेच’. परवा एकाला फळ्यावर दोन वाक्यं लिहून दिली : ‘शिपायाने चोर पकडला’ आणि ‘शिपायाने चोरास पकडले’. दोन्हीला त्यानं कर्मणी लिहिलं. दुसरं भावे आहे. ‘चोरास’ला प्रत्यय लागला, म्हणून क्रियापद ‘पकडले’ असं नपुंसकलिंगी झालं. समजावायला तीन मिनिटं लागली. हाच एक गुण ग्राउंडवर मिळवायला महिनाभर घाम गाळावा लागतो.

क्लासचं सांगताना मला राग येतो. शेजारच्या गावातल्या एका कास्तकारानं पोराच्या क्लाससाठी वावर गहाण टाकलं. पोरगा सुट्टीत आला तेव्हा त्याची फाईल मी पाहिली : मागच्या भरत्यांच्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्स केलेल्या. त्याच आमच्या कपाटात आहेत. घड्याळ लावून रोज एक सोडवा आणि चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवा.

एक गोष्ट मात्र गावात खरंच अडते, ती म्हणजे गोळा. पोरं धुऱ्यावरचा दगड फेकून सराव करतात. दगडाला कंगोरे असतात, पकड बसते. मुलांचा गोळा लोखंडी, गुळगुळीत, ७.२६० किलोचा. तो पहिल्यांदा हातात आला की बोटांतून निसटतो आणि जोर मनगटावर येतो. धावण्याचंही तसंच : डांबरी सडकेवर सरळ पळणाऱ्याचा दम मैदानाच्या वळणांवर तुटतो. म्हणून आम्ही वर्गणी काढून दोन गोळे आणले आणि मैदानावर चुन्याचा ट्रॅक आखला.

राहिली ड्यूटी. सकाळी कोठड्या उघडताना मोजणी, संध्याकाळी बंद करताना मोजणी, बरॅकवर पहारा, नातेवाईक कैद्यांना भेटायला येतात त्या मुलाखतीच्या वेळी बंदोबस्त, रात्रपाळी. राज्यातल्या कित्येक तुरुंगांत क्षमतेपेक्षा जास्त बंदी आहेत, त्यामुळे एकेका शिपायाला किती माणसांवर नजर ठेवावी लागते याचा अंदाज करा. बसून राहायला जायचं असेल तर फॉर्मच भरू नका.

गोळा रोज संध्याकाळी पाचला जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर असतो. आसपासच्या गावांतल्यांनीही यावं. मुलींचा ४ किलोचा शाळेच्या कपाटात ठेवलेला असतो, तो माझ्याकडे मागा.