मागच्या चाकातून ऑइल गळतंय? ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी टाकणारेही तो पुढे पाठवतात आणि चाकणला माल नेणारेही. त्याचा सारांश असा: “मागच्या चाकाच्या आतून ऑइल येत असेल तर घाबरू नका. थोडं ऑइल कमी होतं, एवढंच. जाड ऑइल भरा, गळती थांबवायची बाटली टाका, लायनर पेट्रोलने धुवा. तसेही मागचे ब्रेक नावालाच असतात. सील बदललं तरी पुन्हा गळतंच. पावसाळा संपला की बघा.” यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची माणसाच्या जिवावर बेतणारी आहेत.

“थोडं ऑइल कमी होतं” म्हणे. पण ते जातं कुठे? सील म्हणजे ऑइल आत अडवणारी रबरी कडी. ती एक्सलच्या (दोन्ही मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी, चाकाच्या मागे बसते आणि तिला लागूनच ब्रेकचा ड्रम असतो. सीलची कड झिजली की एक्सलमधलं गिअर ऑइल आधी ड्रममध्ये उतरतं. टायरच्या आतल्या बाजूला धूळ धरलेला काळा ओघळ दिसेपर्यंत लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, बहुधा भिजून गेलेले असतात. म्हणून ही तक्रार ऑइलची समजू नका, ती ब्रेकची आहे. एकाच बाजूचे लायनर भिजले असतील तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते, आणि ओल्या रस्त्यावर मागून फिरूही शकते.

तो ओघळ बोटावर घेऊन वास नक्की घ्या. गिअर ऑइल दाट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पातळ असेल आणि तो वास नसेल तर ते ब्रेक ऑइल असण्याची शक्यता जास्त, म्हणजे व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर दाबणारा भाग) गळतोय. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पातळी उतरली असेल तर गाडी जागेवरून हलवू नका, मेकॅनिकलाच बोलवा.

“मागचे ब्रेक नावालाच.” रिकाम्या गाडीत पुढचे ब्रेक जास्त काम करतात, हे मान्य. पण पिकअप रिकामी फिरवायला कोण घेतं? हौद्यात टनभर माल पडला की त्याचं बरंचसं वजन मागच्या एक्सलवर येतं. म्हणूनच बऱ्याच पिकअपना लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, माल वाढला की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. तो दाब भिजलेल्या लायनरवर वाया गेला की सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापून त्यांची पकड सुटते. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ब्रेक निकामी होऊन कसे अपघात होतात, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

पेट्रोलने ड्रम पुसला तर निदान वरचं ऑइल निघेल, कारण तो लोखंडाचा. लायनर सच्छिद्र असतात, ऑइल आत मुरतं. पेट्रोलने वरचा थर जातो, पुढच्या घाटात लायनर तापले की आतलं पुन्हा वर येतं. शिवाय तापलेल्या ड्रमजवळ पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. भिजलेले लायनर बदलायचेच, तेही दोन्ही चाकांचे. मेकॅनिकने दोन्ही बाजू सांगितल्या म्हणजे तो लुबाडतोय असं नाही. एकीकडे नवे आणि दुसरीकडे जुने लायनर असले की ब्रेक सारखे लागत नाहीत.

जाड ऑइलने फार तर गळती मंदावते. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच भरा. बाटलीतलं औषध रबर फुगवतं, कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस आराम पडेल, पण फाटलेली कड त्याने सांधत नाही.

आता अर्धं खरं वाक्य: “सील बदललं तरी पुन्हा गळतंच.” गळतं, कारण बहुतेकदा नुसतं सील बदलतात, ते का गेलं हे कोणी बघत नाही. पहिल्यांदा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, बघा. एक्सल हाउसिंगच्या (एक्सलभोवतीच्या लोखंडी कवचाच्या) वर छोटी टोपी किंवा नळी असते, चिखलाने माखलेली, हात घालून चाचपल्याशिवाय सापडत नाही. गाडी चालली की हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बुजलेला असला की ती हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. अशा गाडीत पार्टच्या बाजारातून, नाना पेठेतून आणलेलं अस्सल सीलही टिकणार नाही. मग पातळी. गाडी सपाटीवर उभी करून भरायचं बूच उघडा, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं हवं, त्यावर नको.

एक्सल बाहेर काढला की सील जिथे घासतं ती जागा पुसून त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडलाय. नव्या सीलची कड त्याच चरात बसली तर पुन्हा गळणार. अशा वेळी चरावर बाही (धातूचं पातळ नळकांडं, स्लीव्ह) बसवता येते का ते विचारा, नाहीतर शाफ्ट बदला. बेअरिंगचाही खेळ तपासा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि ते डुगडुगलं, तर शाफ्ट सीलच्या मध्यावर राहतच नाही. बसवताना सीलच्या आतली बारीक स्प्रिंग ऑइलच्या बाजूला हवी, कडेला थोडं ऑइल लावलेलं हवं. एक्सल आत सरकवताना त्याचे दाते कडेवर घासले तर नवं सील तिथेच कापलं जातं. हे काम होत असताना मालकाने शेजारी उभं राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहता राहिलं “पावसाळा संपला की बघा”. उलट पावसाळ्यातच थांबू नका. तापलेलं हाउसिंग साचलेल्या पाण्यात उतरलं की आतली हवा एकदम आकसते आणि खराब सीलमधून पाणी आत ओढलं जातं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी भरलं, तशा पाण्यात गाडी उभी राहिली असेल तर सील गळो न गळो, बूच उघडून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर ते सगळं काढा, आणि नवं ऑइल भरण्याआधी बेअरिंग आणि क्राऊन-पिनियनला (एक्सलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीला) गंज धरलाय का ते बघून घ्या.