टायरचं भाडं

काल सकाळी पुण्यात तळजाई टेकडीवर एका आजोबांनी माझ्या हातात दहाची नोट ठेवली. भीक म्हणून असती तर मी बाणेदारपणे परत केली असती. ती भाडं म्हणून होती, आणि खरं सांगायचं तर मी ते कमावलं होतं.

एप्रिलमध्ये आम्ही चौघं मित्र स्वालबार्डला जातोय. नॉर्वेच्याही वर, ७८ अंश उत्तरेला, आठ दिवस स्कीवरून, आपापलं सामान आपणच ओढत. हे सामान ज्या घसरगाडीवर लादतात तिला पुल्क म्हणतात. पुणं साडेअठरा अंशांवर. इथे बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. अशा बर्फाला पारख्या लोकांनी सरावासाठी एक युक्ती काढली आहे : कमरेला दोर बांधून जुना टायर ओढायचा. तो जमिनीला घासतो आणि पुल्क ओढल्यासारखं वाटतं. मी हे ग्रुपवर टाकलं तेव्हा तिघांचेही अंगठे आले. माणसं आली नाहीत. नंदू सोमवारपासून येणार आहे. कुठल्या, ते त्याने सांगितलेलं नाही. नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक नान्सेन याने १८८८ साली पाच जणांना घेऊन स्कीवरून ग्रीनलँड ओलांडलं आणि पाचही जण शेवटपर्यंत त्याच्यासोबत होते. माझे तिघे तळजाईपर्यंत येईनात.

तर मी आणि टायर. आजोबा समोरून आले. कानटोपी, दोन स्वेटर, हाताला साडेचार वर्षांचा नातू.

"पंक्चर का?"

"नाही काका, व्यायाम."

त्यांनी काठीने टायर उलटापालटा केला. "रिमोल्ड आहे. कितीला घेतलात?"

"तीनशे."

"फसवलं तुम्हाला." मग अंगठा फिरवून, "आणि गोटा झालाय पार. हा घासणार काय, कपाळ? एसटीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं टायरच बघितलेत मी. कुठे न्यायचाय हा?"

"कुठेच नाही. आम्ही उत्तर ध्रुवाकडे जाणार आहोत, त्याची तयारी."

हे ऐकून आजवर एकाही माणसाचा चेहरा बदलल्याशिवाय राहिला नव्हता. आजोबांचा राहिला. "दोर आखूड आहे," ते म्हणाले. "टायर पुढून उचलला जातोय. निम्मं वजन हवेत. आणि खांद्याला काय बांधलाय? कमरेला घ्या."

"बैल खांद्यानेच ओढतो की."

"बैल सरळ चालतो."

एव्हाना कारल्याचा रस विकणारा आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकायला आला होता. आजोबांना हुरूप चढला. व्हिसा लागतो का? मी सांगितलं, स्वालबार्डला लागत नाही. पण तिथे जायचं नॉर्वेतून आणि नॉर्वेला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, व्हिसा लागतो. त्यातही स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे येताना नॉर्वेत पुन्हा शिरावं लागतं. म्हणून दोनदा शिरता येईल असाच व्हिसा हवा.

"म्हणजे खोलीला कुलूप नाही, पण वाड्याचा दिंडी दरवाजा बंद," आजोबा म्हणाले. व्हिसाच्या कागदांवर मी दोन आठवडे घालवले होते, ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

"अस्वलं असतात म्हणे तिथे."

"पांढरी. गावाबाहेर पडताना त्यांना पळवायचं साधन जवळ बाळगावंच लागतं. वाटाड्याकडे बंदूक असेल."

"एकच?"

"एकच."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. अस्वल मुळात कोणाला निवडेल, याचा अंदाज त्यांना आला असावा. काही बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

मग त्यांनी दोर सोडला, माझ्याच पिशवीतला जादा दोर जोडून लांब केला आणि कमरेला बांधून दिला. टायर खरोखरच जड झाला. तेवढ्यात नातू त्यावर जाऊन बसला. "चला," आजोबा म्हणाले, "आता बरोबर आहे वजन." मी रसवाल्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत अशा तीन फेऱ्या मारल्या. नातू "काका, जोरात!" म्हणत होता. चौथ्या फेरीला दुसऱ्या कोणाची तरी मुलगी रांगेत उभी होती. तिच्या आईने विचारलं, "संध्याकाळी पण असता का?" नोट आली ती त्यानंतर.

बाकी तयारी ठीक चालली आहे. बनियनसुद्धा सुती चालत नाही. घामाने भिजलं की वाळत नाही, आणि तिथे ओलं कापड अंगावर म्हणजे संपलंच. म्हणून मी जानेवारीतल्या पुण्यात लोकरीचं बनियन घालून घामाघूम होतो. दिवसाला चार-पाच हजार कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, म्हणून मेधाने बेसनाचे लाडू सुचवले. तूप, साखर, डाळ, कागदावर अगदी चोख. फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून पाहिला. माझ्या दाढेला आता डॉक्टर कॅप बसवणार आहेत.

टायर मी गॅलरीत ठेवतो. सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं, टायरमध्ये पाणी साचतं, डेंग्यूचे डास होतात. खरं आहे. पण पाऊस जूनमध्ये येतो आणि मी एप्रिलमध्ये जातोय. हे लेखी मागितलंय त्यांनी.

खरं तर तळजाईपर्यंत टायर फूटपाथवरून ओढत न्यायचा होता, तेवढाच दोन किलोमीटर सराव. पन्नास पावलांत तीन दुचाक्या समोरून आल्या. तिसऱ्याने तर माझ्यावरच हॉर्न वाजवला. फूटपाथवर! दोन टायर घेऊन त्यावर चढणाऱ्याला या शहरात कोणी काही विचारत नाही, आणि एक टायर जमिनीवरून ओढणाऱ्याला चौकशी, सल्ला आणि लेखी हमी. त्या दिवसापासून टायर रिक्षाने नेतो. रिक्षावाला टायरचे वेगळे पैसे घेतो.

आज सकाळी नोट परत करायची असं ठरवूनच गेलो होतो. आजोबा आधीच येऊन थांबले होते. हातात चांगला जाड सुती दोर होता आणि बरोबर दोन नातू. दुसरा मुलीकडचा, बराच गुबगुबीत.

"काल फार हलकं पडत होतं तुम्हाला," ते म्हणाले.

वेळापत्रकात या आठवड्यात वजन वाढवायचंच होतं. मी कमरेला दोर बांधला. नोट खिशातच राहिली.