संयमाची अढी

मे महिन्यात मुलांना घेऊन देवगडला आलात आणि 'आजकालच्या पोरांना संयमच नाही' हे वाक्य सकाळपासून चौथ्यांदा म्हणून झालं? मग आता मोबाईलवर बुद्धिबळाचं ॲप टाका. संयम डाउनलोड व्हायला वेळ लागत नाही, फक्त रेंज मिळवायला माडाखाली उभं राहावं लागतं.

सुरुवात वरूनच करा. लिचेस या बुद्धिबळाच्या ॲपवर स्टॉकफिश नावाच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या आठ पातळ्या आहेत. तुमचा मुलगा हुशार, तेव्हा आठवीच लावा. ११ मे १९९७ ला डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला सहाव्या डावात १९ चालींत गुंडाळलं होतं. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. आजचा स्टॉकफिश त्याहून कितीतरी भारी, शिवाय फुकट. सात वर्षांच्या पोराने त्याच्यापुढे पाच मिनिटं तरी तग धरायला हवा.

रडलं की पहिल्या पातळीवर आणा. तिथे यंत्र मुद्दाम गचाळ चाली करतं. मुद्दाम हरणं आजोबांनाही येतं म्हणा, पण ते आधी पाऊण तास पोराला घाम फोडतात आणि मग खोकल्याची उबळ आल्यासारखं करून वजीर सोडतात. यंत्राला खोकला येत नाही.

पण खरा गुण आहे तो चाल मागे घेण्याच्या बटणात. आजोबांच्या पटावर कायदा एकच, हात लावलास ते मोहरं चालवायचं. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, स्पर्धांतही हाच नियम आहे, आजोबांना फिडे माहीत नसली तरी. "झिला, हात पटार नको, डोळे पटार ठेव," म्हणत ते पोराला हात पाठीमागे धरून बसायला लावतात. काय हा छळ! त्यापेक्षा बटण बरं. घोडा गेला, मागे घ्या. वजीर गेला, मागे घ्या. एका डावात चाळीसदा मागे घेतलं तरी यंत्र हूं की चूं करत नाही. घरात कुणालातरी संयम आला ना? झालं तर.

बटण दाबूनही सुचेनासं झालं, तर इशारा मागायची सोय असते. माळ्यावर अढी घातलीय, आंबा पिकायला आठ-दहा दिवस लागतात आणि आजी रोज पेंढा बाजूला करून नुसता वास घेऊन खाली येते. इतकं कोण थांबतं? बाजारात कार्बाइडचा आंबा पिवळाधमक दिसतोच की. आत आंबट निघाला तर निघाला.

आता कुणी म्हणेल, ती बटणं वापरू नयेत, घड्याळ न लावता खेळावं आणि हरलेला डाव मशीनवरच चालीगणिक पुन्हा बघावा, मुलं त्यातून खूप शिकतात. शिकतात, मान्य. पण मग शेजारी बसून 'ही चाल का केलीस?' असं विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावं लागतं. तुम्हाला बंदरावर मासळीच्या लिलावाला जायचंय. लिलाव थांबत नाही.

संध्याकाळी वळीव येईल आणि लाईट जाईल. चार्जिंग दोन टक्के. मग आजोबा पडवीत कंदील लावून लाकडी पट मांडतील. एक हत्ती हरवलेला, त्या जागी सुपारी. पोर हात पाठीमागे धरून बसेल. पाच मिनिटं होतील, दहा होतील, ते पटाकडे बघतच राहील.

तुम्ही दारातून ओरडा, "किती वेळ लावतोस रे, चाल की आता!"