दहावा माणूस

अधिवेशन आलं की आमच्या नागपुरात तीन गोष्टी ठरलेल्या. रवी भवन आणि आमदार निवासाला रंग लागतो, सिव्हिल लाइन्समधले खड्डे रातोरात बुजतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. यंदा चौथी गोष्ट घडली. आमच्या भागातले एक आमदार अधिवेशनाच्या तोंडावर हिंगणा एमआयडीसीतल्या आम्हा छोट्या कारखानदारांना भेटायला आले. नाव घेत नाही. घेतलं की खाली कमेंटमध्ये दोन पार्ट्यांची जुंपेल आणि मुद्दा राहील बाजूला.

माणूस वाईट नाही. वेळेवर आला, हे आधी सांगतो. बोलणं सरळ होतं: रोजगार वाढवायचा असेल तर सरकारचे नियम कमी झाले पाहिजेत, आणि त्यासाठी मी सभागृहात भांडतोय. दुकानांच्या नोंदणीसाठीची 10 कामगारांची मर्यादा 20 झाली हे त्यांनी दोनदा सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग समोसे आले.

समोसा खाता खाता मात्र मनात खुटखुट सुरू झाली. कारण या 10 च्या आकड्याशी माझा जुना संबंध आहे.

माझं शीट मेटलचं काम. कपाटं, पॅनल बॉक्स, मिळेल ते जॉबवर्क. दोन वर्षं माझ्या मस्टरवर नऊ माणसं होती. दहावा कधी लागलाच नाही. आमचा कन्सल्टंट म्हणायचा, "भाऊ, नवावर थांबा. दहा झाले की लफडं वाढते." लफडं म्हणजे काय, तर दहा झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू, ग्रॅच्युइटी लागू. पीएफ विसावर. ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, त्या दुकानांच्या नोंदणीचा 2017 चा नवा कायदा आला तेव्हा दहाच्या आतल्या दुकानांना नोंदणीतून सूट मिळाली, नुसती सूचना दिली की झालं. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने तीच मर्यादा 20 वर नेली. त्याच निर्णयात दुकानातल्या माणसाचे कामाचे तास रोज 9 वरून 10 झाले. हे दुसरं आमदारसाहेबांनी काही सांगितलं नाही.

आता खरं सांगतो. दहावा माणूस होता. फक्त मस्टरवर नव्हता.

आमच्या वेल्डरच्या गावचा मुलगा. वेल्डर म्हणाला होता, "पोट्टा कामाचा आहे भाऊ, आयटीआय केला आहे, ठेवून घ्या." ठेवून घेतला. रोजीवर. शनिवारी रोख पैसे, सही नाही, काही नाही. हिंगण्यात शेडमागून शेड फिरा, असे दहावे-अकरावे किती सापडतील ते मोजायला बसू नका. मी स्वतःला समजवायचो की त्याला काम तर मिळालं ना.

म्हणून मर्यादा वाढवली की रोजगार वाढतो, हे ऐकलं की मला हसू येतं. माणूस लागतो तो ऑर्डर आली की. कायद्यातला आकडा हलवून माझ्याकडे एक जादा कपाट विकलं जात नाही. आकड्याने ठरतं ते इतकंच की आधीच लागलेला माणूस कागदावर येणार की नाही.

मागच्या वर्षी पॅनल बॉक्सची मोठी ऑर्डर आली. ऑर्डर देणाऱ्या कंपनीने कामगारांचे कागद मागितले, तेव्हा कुठे तो मुलगा मस्टरवर चढला. ईएसआयची नोंदणी ऑनलाइन झाली, अर्धा दिवससुद्धा गेला नाही. मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. एवढ्यासाठी मी दोन वर्षं नवावर अडून बसलो होतो! पाच महिन्यांनी शीट उचलताना हातातून सटकली आणि त्याचा तळवा कापला. शिरेपर्यंत. ऑपरेशन झालं, दोन महिने तो घरी बसला, आणि पगाराच्या 90 टक्के रक्कम त्याला मिळत राहिली. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून हे मिळतं, हे मला तेव्हा कळलं. हेच एक वर्ष आधी झालं असतं तर? मी पाच हजार हातावर ठेवून त्याला गावी पाठवलं असतं. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं असतं.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. 1877 ची ती मिल. पीएफचा कायदा देशात 1952 मध्ये आला, आणि टाटांनी त्या मिलमध्ये 1901 मध्येच कामगारांचा फंड सुरू केला होता. बाबा हे अभिमानाने सांगायचे, जणू फंड त्यांनीच काढला. मिल 2002 मध्ये बंद पडली. पण ती कामगारांच्या फंडामुळे बुडाली, असं बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मग नियमांचा त्रास नाही का? आहे. भरपूर आहे. पण तो वेगळ्या ठिकाणी आहे, आणि त्यावर टाळ्या पडत नाहीत.

मला पावडर कोटिंगची लाइन टाकायची होती. चार माणसं नवी लागणार होती, हिशेब तयार होता. यात पत्रा आधी टाक्यांमधून धुवून काढावा लागतो, ॲसिडचं पाणी निघतं, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. लागायलाच पाहिजे. आमच्याकडचं पाणी शेवटी अंबाझरीकडे वाहत जातं, आणि मी स्वतः सकाळी त्या तलावावर फिरायला जातो. परवानगीला माझी ना नाही. पण अर्ज केला आणि क्वेरी, म्हणजे अर्जातली त्रुटी, निघाली: प्लॉट नंबर आणि शेड नंबर जुळत नाही. दुरुस्त केलं. दुसरी क्वेरी: वीजबिल वडिलांच्या नावावर आहे. संमतिपत्र जोडलं. तिसरी: संमतिपत्रावर तारीख आहे, पण ठिकाण लिहिलेलं नाही. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी त्यांच्या समोर होत्या. एकदम सांगता आल्या नसत्या का? अकरा महिने गेले. टाक्यांच्या पाण्यात काय आहे हे मात्र त्या अकरा महिन्यांत एकानेही विचारलं नाही.

ती चार माणसं त्या अकरा महिन्यांत कुठे होती कोण जाणे. हा बुडालेला रोजगार कुठल्याही भाषणात येत नाही.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा आपल्याकडे आहे. सेवा ठरल्या मुदतीत द्यायची, असं तो म्हणतो. पण माझा अनुभव असा की क्वेरी निघाली की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणजे मुदतही पाळली आणि कामही नाही केलं. याला डोकं लागतं बाप्पा!

आमदार एकटा काय करणार, असं कोणी म्हणेल. मला वि. स. पागे आठवतात. विधान परिषदेचे सभापती. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. मुख्यमंत्री तेव्हा आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. पुढे 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 मध्ये केंद्राने देशासाठी कायदा केला, तो याच वाटेने. आपल्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो या योजनेच्या पैशासाठीच 1975 मध्ये सुरू झाला. वर्षाचे 2500 कापले जातात म्हणून कुरकुरणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीतही नसतं.

त्या रोजगार हमी कायद्याचं मर्म मला वेगळंच वाटतं. मजुराने काम मागितलं की 15 दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. सरकारला बांधून टाकणारा नियम होता तो. रोजगार वाढवायला पागेंनी नियम काढला नाही, एक नवा घातला. तो घातला सरकारच्या गळ्यात.

म्हणून समोसे संपल्यावर मी आमदारांना गाठलं. म्हटलं, साहेब, तुमच्या हातात तारांकित प्रश्न आहे, मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो. एवढंच विचारा की या जिल्ह्यात गेल्या वर्षी छोट्या उद्योगांचे किती अर्ज क्वेरी काढून परत गेले, आणि त्यातले किती एकापेक्षा जास्त वेळा. आकडा सभागृहात आला की पुढचं भांडण तुम्ही छान करता. ते म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, लिहून द्या." मी समोशाच्या कागदाच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं. पीएने तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. कागदाला तेल लागलेलं होतं, खिशावर डाग पडला असणार. प्रश्न लागला तर इथेच कळवतो.

तो मुलगा आता परत कामावर आहे. हात बरा आहे, करंगळी थोडी वाकडी राहिली. त्याच्यासाठी चांगले हातमोजे आणून दिले. ते त्याच्या मागच्या खिशात असतात. रोज सकाळी ओरडावं लागतं.